क्लास बदलायचा की बंद करायचा?

मुलीला जिम्नॅस्टिक्सच्या एका क्लासमधून काढून दुसऱ्या क्लासमध्ये घालावे का, हा प्रश्न वरवर फार लहान आहे. ज्यांच्या घरी हा प्रश्न येतो त्यांना मात्र तो महिनाभर झोपू देत नाही. फी, अंतर, शाळेची वेळ, अभ्यास, जुन्या सरांना काय वाटेल, नवे सर कसे असतील, मुलीच्या मैत्रिणी सुटतील का, असे सगळे त्यात येते. आपल्या घरांत त्यात आणखी एक वाक्य कुणीतरी हळूच सरकवते. "इतना सोचना क्यूँ, अब बंद ही कर दो. बच्ची बडी हो रही है."

हा लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. क्लास बदलावा की नाही यावर आईबापांची वेगवेगळी मते असू शकतात आणि दोन्ही बाजूंना चांगली कारणे असतात. पण बदलण्याच्या अडचणी पुढे करून मुलीचा खेळच थांबवणे हे तिसरे उत्तर आहे. ते द्यायचे असेल तर उघडपणे द्यावे, फी आणि लोकलच्या गर्दीमागे लपून देऊ नये.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. आम्ही मुंब्र्यात राहतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. तीन वर्षांपूर्वी घराजवळच्या एका हॉलमध्ये तिला घातले. तिथे आठवड्यातून तीन दिवस एक सर कोलांट्या, कार्टव्हील, हँडस्टँड, स्प्लिट शिकवतात. फी महिना आठशे रुपये. हॉलमध्ये मॅट आहेत, एक बुटका बीम आहे, भिंतीला लावलेल्या शिड्या आहेत. बस्स, एवढेच. यंदा सरांनीच मला बाजूला बोलावून सांगितले, "मॅडम, हिला पुढे शिकवायचे तर माझ्याकडे साधने नाहीत. ठाण्याला घेऊन जा."

त्या सरांचा मला फार आदर वाटतो. आपला विद्यार्थी आपल्या हाताबाहेर गेला हे ओळखणे शिक्षकाला सोपे नसते आणि ते पालकांना सांगणे त्याहून अवघड असते, कारण दर महिन्याची एक फी त्याबरोबर जाते.

ठाण्यात आम्ही आधी एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. तिथे कॉम्पिटिशन बॅच होती. आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास. फी साडेचार हजार, स्पर्धेची प्रवेश फी आणि पोशाख वेगळा. भिंतीवर पदकांच्या चौकटी होत्या. आणि जमिनीवर एक सात-आठ वर्षांची मुलगी स्प्लिटमध्ये बसलेली होती. तिचा पुढचा पाय उंच ठोकळ्यावर होता आणि प्रशिक्षक तिच्या खांद्यावर भार देऊन तिला खाली दाबत होते. मुलगी रडत होती. शेजारच्या मुली तिच्याकडे बघतही नव्हत्या. मला रडण्यापेक्षा ते न बघणे जास्त खटकले. वर्गात एका मुलाला मार बसत असताना बाकीची मुले मान खाली घालून लिहीत राहतात, तेव्हा त्या वर्गात हे रोजचे आहे असे समजावे. वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढे शिकले आहे.

इथे मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे, कारण तो माझ्या दोन्ही भाषांत रोज येतो. तालीम. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. माझ्या शाळेच्या फळ्यावर हा शब्द त्याच अर्थाने लिहिला जातो. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, व्यायामाची जागा. नाटकाची तालीम असते तीही सरावाचीच. अरबीतून आलेला एकच शब्द, एका भाषेत वहीपाशी थांबला आणि दुसरीत लाल मातीत उतरला. उस्तादाचेही तसेच. तो उर्दूत शिक्षक आणि मराठीत वस्ताद होऊन कुस्ती शिकवतो. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत हिंदू आणि मुसलमान पोरे एकाच वस्तादाच्या हाताखाली घडली, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून "खेळ वेगळा आणि तालीम वेगळी" असे कुणी म्हणाले की मला हसू येते. व्यायामाची जागा हीसुद्धा शाळाच आहे. मग तिची परीक्षा शाळेसारखीच घ्यायला हवी.

शाळा निवडताना शहाणे पालक काय बघतात? बोर्डात पहिली आलेली मुलगी बघत नाहीत, कारण ती कुठेही गेली असती तरी चमकली असती. ते शेवटच्या बाकावरचे मूल बघतात. त्याच्याशी शिक्षक कसे बोलतात, ते चुकले तर काय होते, ते पुढच्या वर्गात पोहोचते का. जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमध्येही मी पदकांच्या चौकटींकडे पाठ करून सर्वांत कच्ची मुलगी कोणती ते शोधते आणि अर्धा तास तिच्याकडे बघत बसते. जाहिरातीत न मिळणारी माहिती तिथे मिळते.

बीएडला आम्हाला अध्यापनाची सूत्रे पाठ करावी लागत. सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. परीक्षेसाठी पाठ केलेली ही सूत्रे मला जिम्नॅस्टिक्समध्ये जितकी खरी दिसली तितकी व्याकरणातही दिसली नाहीत. चांगला प्रशिक्षक मुलीला आधी जमिनीवरच्या रेघेवर चालवतो, मग बुटक्या बीमवर, मग उंच बीमवर. स्पर्धेतला बीम जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि फक्त दहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर उलटी कोलांटी घ्यायची तर ती आधी रेघेवर शेकडो वेळा यायला हवी. मधल्या पायऱ्या गाळणारा प्रशिक्षक महिनाभरात व्हिडिओ काढण्याजोगे काहीतरी करून दाखवतो. पालक खूश होतात. हिशेब पुढे मनगटे आणि कंबर चुकवतात.

म्हणून नव्या ठिकाणी पहिला प्रश्न विचारावा तो हा: "ही गोष्ट शिकवायच्या आधी तुम्ही काय शिकवता?" ज्याला शिकवता येते तो या प्रश्नावर खुलतो आणि दहा मिनिटे बोलत राहतो. ज्याला येत नाही तो मागच्या वर्षीची पदके सांगतो.

दुसरा प्रश्न तासांचा. मुलांच्या खेळाबद्दल क्रीडावैद्यकात एक सोपे सूत्र सांगितले जाते. आठवड्यातले सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. माझी मुलगी दहा वर्षांची, म्हणजे दहा तास. त्या कॉम्पिटिशन बॅचचे होत होते पंधरा. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग कच्चा असतो. हातांवर भार घेणाऱ्या या खेळात मनगटातला तो भाग वारंवार दुखावू शकतो. मागे वाकण्याच्या सततच्या सरावाने पाठीच्या मणक्यालाही बारीक चिरा पडू शकतात. मुलगी "मनगट दुखते" म्हणाली तर ती आळस करते असे धरू नये. ज्या क्लासमध्ये दुखणे सांगितल्यावर शिक्षा होते, तिथली मुले दुखणे सांगायचे बंद करतात.

तिसरा प्रश्न घाईचा. "आत्ताच वेळ आहे, अकरा झाली की उशीर होतो," असे आम्हालाही सांगण्यात आले. या खेळात लवकर सुरुवात करावी लागते हे खरे आहे. पण आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने १९९७ पासून महिलांच्या वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय १६ केले आहे, म्हणजे त्या वर्षात सोळा पूर्ण होणारी मुलगीच ऑलिंपिकला जाऊ शकते. सिमोन बाइल्सने २०२४ मध्ये पॅरिसला सर्वांगीण सुवर्णपदक जिंकले तेव्हा ती २७ वर्षांची होती. त्याच्या तीन वर्षे आधी टोकियोत हवेत दिशेचे भान सुटू लागले म्हणून ती सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाजूला झाली होती. जगातली सर्वांत मोठी खेळाडू "आज नाही" म्हणू शकते आणि परत येऊन जिंकू शकते, तर आपल्या दहा वर्षांच्या मुलीला सहा महिने थांबल्याने काय बिघडणार आहे?

उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितीनाचे उदाहरण तर घाई करणाऱ्या प्रत्येक पालकाने डोळ्यांसमोर ठेवावे. जन्म १९७५ चा. १९९२ ते टोकियोपर्यंत सलग आठ ऑलिंपिक खेळली. मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा उपचारासाठी ती जर्मनीला गेली, पुढे त्या देशाकडून खेळली आणि २००८ मध्ये बीजिंगला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी व्हॉल्टमध्ये रौप्यपदक मिळवले. नंतर पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली. तिने देश बदलला तो मुलासाठी. खेळ सुटला नाही.

बदलावे की राहावे, याला मोठ्या खेळाडूंच्या आयुष्यातही एकच उत्तर सापडत नाही. आपल्या दीपा कर्माकरचे बघा. आगरतळ्यासारख्या, महानगर नसलेल्या शहरात ती शिकली. तिचे तळपाय सपाट होते, जे या खेळात मोठीच अडचण. बिश्वेश्वर नंदी या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली ती वर्षानुवर्षे राहिली आणि २०१६ ला रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. २०२४ मध्ये ताश्कंदला तिने आशियाई अजिंक्यपद जिंकले आणि त्याच वर्षी निवृत्त झाली. मोठ्या शहरात गेल्याशिवाय काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

दुसरे उदाहरण कायलिया नेमूरचे. फ्रान्समध्ये जन्मलेली, वडिलांकडून अल्जेरियन. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती आणि तिचा क्लब एका बाजूला, फ्रेंच महासंघ दुसऱ्या बाजूला असा वाद झाला. तिला आपल्या लहान गावातल्या क्लबमध्येच, आपल्याच प्रशिक्षकांकडे शिकायचे होते. शेवटी तिने क्लब ठेवला आणि देश बदलला. २०२४ मध्ये पॅरिसला, म्हणजे फ्रान्समध्येच, सतराव्या वर्षी तिने अनइव्हन बारवर अल्जेरियासाठी सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधले आफ्रिका खंडाचे ते पहिलेच पदक. वादात कोण किती बरोबर होते हे ठरवायला मी बसलेली नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की वरच्या दर्जाचे म्हणून जे केंद्र सांगितले जाते ते प्रत्येक मुलीसाठी योग्य असतेच असे नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. या खेळात प्रशिक्षकाला मुलीला हात लावावाच लागतो. उलटी उडी शिकवताना कंबरेला आणि पाठीला आधार दिला नाही तर मान मोडेल. म्हणून "पुरुष प्रशिक्षक नको" एवढे म्हटल्याने पालकांची जबाबदारी संपत नाही. आधार कुठे आणि कसा देतात, तो सगळ्यांसमोर देतात का, दुसरी एखादी महिला प्रशिक्षक हॉलमध्ये असते का, पालकांना बसून बघता येते का, हे विचारायचे असते. अमेरिकेत लॅरी नासर या संघाच्या डॉक्टरने उपचाराच्या नावाखाली अनेक वर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात बोलल्या. राष्ट्रीय संघाची शिबिरे जिथे होत तिथे आईवडिलांना प्रवेश नव्हता. ब्रिटनमध्ये २०२२ साली आलेल्या व्हाइट अहवालात मुलींना वजनावरून हिणवणे, पाणी न देणे, जखमी असताना सराव करायला लावणे अशा गोष्टी नोंदल्या गेल्या. हे सगळे पदके मिळवणाऱ्या देशांत घडले. आपल्याकडेही २०२३ मध्ये देशासाठी पदके आणणाऱ्या महिला पैलवानांना जंतरमंतरवर बसावे लागले.

म्हणून माझ्या यादीत एक अट अशी आहे की तिच्याशी तडजोड नाही. सराव चालू असताना मी कुठल्याही दिवशी, न सांगता येऊन बसू शकले पाहिजे. "पालक असले की मुले लक्ष देत नाहीत" हे कारण मला समजते. शिक्षिका म्हणून मलाही खिडकीतून डोकावणारे पालक आवडत नाहीत. मग काचेमागे बसवा, लांब बसवा, आठवड्यातून एकच दिवस बसवा, पण दार बंद नको. आणि मुलीच्या वजनाबद्दल तिच्यासमोर शेरा मारला गेला तर त्या दिवशी ते ठिकाण सोडावे. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा शाळेइतकाच क्रीडा क्लासलाही लागू आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

क्लास बदलण्याची जी कारणे मी पालकांकडून ऐकते, त्यातली बरीचशी मला पटत नाहीत. शेजारची मुलगी गेली म्हणून. एका स्पर्धेत नंबर आला नाही म्हणून. सर रागावले म्हणून. प्रत्येक रागावणे म्हणजे छळ असे मानले तर शिक्षण थांबेल. उलट, राहण्याची कारणेही कधी कधी तितकीच कच्ची असतात. वर्षाची फी भरली आहे, ओळखीचे आहेत, आता कुठे नवीन शोधत बसायचे. भरलेली फी परत येत नाही, पण मुलीचे पुढचे वर्ष अजून खर्च झालेले नाही. हिशेब त्याचा करावा.

प्रमाणपत्रांचे आकर्षण हेही आपल्याकडे मोठे कारण असते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे. या गोष्टी वाईट नाहीत. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलीचे बालपण एका कागदासाठी गहाण ठेवावे असे मला वाटत नाही. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांची नावे शाळेकडून जातात, क्लबकडून नाही. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. आपल्या उर्दू शाळांतून अशी नावे फार कमी जातात, कारण क्रीडाशिक्षक नसतो किंवा तो कुणाच्या तरी तासाला बदली म्हणून बसलेला असतो. महागडी कॉम्पिटिशन बॅच शोधण्याआधी मुलीच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना "यंदा जिम्नॅस्टिक्सची एंट्री पाठवाल का?" एवढे विचारावे. फुकट आहे.

आता त्या वाक्याकडे येते. "बच्ची बडी हो रही है." हे वाक्य बोलणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. ते बहुतेक वेळा प्रेमातून येते. आमच्या घरात ते माझ्या सासूबाई बोलल्या. त्यांनी चार मुली वाढवल्या, सांभाळून लग्ने करून दिली. जगाची नजर कशी असते हे त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांच्या बोलण्यात तीन काळज्या आहेत आणि तिन्हींना सरळ उत्तर द्यायला हवे.

पहिली काळजी कपड्यांची. स्पर्धेत मुली घालतात तो अंगाबरोबरचा, पाय उघडे असणारा पोशाख अनेक घरांना मान्य होत नाही, फक्त मुसलमानांच्याच नाही. पण नियम काय सांगतो? आंतरराष्ट्रीय नियमांत पाय घोट्यापर्यंत झाकणारा पोशाख चालतो. २०२१ मध्ये जर्मनीच्या मुली युरोपीय स्पर्धेत आणि नंतर टोकियोला तसाच पूर्ण पोशाख घालून उतरल्या. त्यांचा मुद्दा धर्माचा नव्हता. आपल्या शरीराचे काय दिसावे हे आपण ठरवू, एवढेच त्या म्हणत होत्या. दुसऱ्या टोकाला मलेशियाची फराह ॲन अब्दुल हादी आहे. २०१५ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत तिने पदके जिंकली तेव्हा काही लोकांनी पदकांऐवजी तिच्या पोशाखावर चर्चा केली. ती खेळत राहिली आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. एकीला पूर्ण झाकायचे होते, दुसरीला नव्हते, आणि खेळात दोघींना जागा होती. आपल्या घराने आपले ठरवावे, मुलीला विचारून ठरवावे, आणि नव्या क्लासला पहिल्याच दिवशी सांगावे. मी विचारले तेव्हा उत्तर आले, "लेगिंग्ज घालून येऊ दे, फक्त सैल नको, बारमध्ये अडकते." ज्या अडचणीवरून आम्ही घरी आठवडाभर बोलत होतो ती एका वाक्यात मिटली.

दुसरी काळजी वेळेची, आणि ती मला स्वतःलाही आहे. संध्याकाळी ठाण्याहून लोकलने परत यायचे, गर्दी, अंधार. रमजानमध्ये रोजा धरायचा तर सराव कसा? याचे उत्तर वेळापत्रकात आहे. रमजानच्या महिन्यात हलका सराव मिळेल का, सकाळची बॅच आहे का, परीक्षेच्या काळात सुट्टी देतात का, हे विचारावे. मुंज, गणपती, दिवाळी, परीक्षा या सगळ्यांसाठी मुले सुट्ट्या घेतातच. आपण मागितली तर ती वेगळी मागणी ठरत नाही. संकोच आपल्याच मनात असतो.

तिसरी काळजी बोलली जात नाही, पण ती खरी आहे. मुलगी मोठी झाली की तिच्या शरीराबद्दल लोक बोलू लागतात. मला यावर एवढेच म्हणायचे आहे की लोक बोलतील म्हणून शरीर वापरायचेच थांबवले तर ती मुलगी पुढे चाळिशीत माझ्या वयाच्या बायकांसारखी गुडघे धरून जिने चढेल. आपल्या देहाचाही आपल्यावर हक्क आहे ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबरांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही गोष्टही घराघरांत सांगितली जाते. ती सांगताना आपण कौतुकाने हसतो आणि मग पोरीला सांगतो, पळू नको.

माझ्या वर्गात मी हे दरवर्षी बघते. पाचवीपर्यंत मैदानावर मुली मुलांइतक्याच असतात. सातवीपर्यंत त्या भिंतीच्या कडेला डबा घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांना कुणी मारून बसवलेले नसते. प्रत्येकीच्या घरी एखादा क्लास लांब पडला, एखादी फी जास्त वाटली, एखादी बहीण आजारी पडली आणि खेळ सुटला. मुलांच्याही घरी हेच घडते. त्यांच्यासाठी मात्र दुसरा क्लास शोधला जातो.

म्हणून मी म्हणते, बदलण्याचा प्रश्न मुलीच्या बाबतीत पूर्ण विचारावा. सध्याचे ठिकाण, नवे ठिकाण आणि त्यांच्या मधले तिसरे ठिकाण, असे तीनही कागदावर लिहावे. आम्ही तेच केले. कॉम्पिटिशन बॅच नाकारली. ठाण्यातच, स्टेशनपासून चालत जाता येईल असा एक लहान क्लब सापडला. चारही साधने आहेत, जाड मॅट आहेत, एक ताई आणि एक सर मिळून शिकवतात. तीन दिवस, रोज दोन तास, म्हणजे सहा तास. फी बावीसशे. आधीच्या दुपटीहून जास्त आहे आणि आम्हाला जाणवते. पदकांची भिंत नाही. पण शेवटची मुलगी बीमवरून पडली तेव्हा ताईंनी आधी तिचे मनगट बघितले आणि मग बीम खाली आणला. मी तिथल्या तिथे नाव घातले. सासूबाईंना एकदा बरोबर नेले. अजून त्यांना ते सगळे पूर्ण पटलेले नाही, पण घरी आल्यावर नातीला पाय दाबून देतात.

सोडताना अदब पाळावी, हेही सांगायला हवे. क्लास बदलणारे पालक बहुतेक वेळा फोन उचलायचे थांबवतात आणि गायब होतात. ज्याने तीन वर्षे मुलीचा हात धरून तिला उलटे उभे राहायला शिकवले, त्याला असे सोडणे बरे नाही. समोर जावे, राहिलेली फी द्यावी, मुलीला सलाम करायला लावावे. क्लास संघटनेशी जोडलेला असेल आणि जिल्हा बदलत असेल तर ना-हरकत पत्र लागते का तेही विचारून घ्यावे. आणि जिथे काही वाईट घडले म्हणून सोडत असाल, तिथे मात्र अदबीच्या नावाखाली गप्प बसू नये. बाकीच्या पालकांना सांगावे, गरज पडली तर तक्रार करावी. आपली मुलगी सुटली, पण तिच्या जागेवर उद्या दुसऱ्या कुणाची तरी येणार आहे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा बसणार आहोत. मुलगी आनंदाने जाते का, दुखणे सांगते का, अभ्यास निभतो का, हे तिन्ही बघू. तिला स्पर्धेत उतरायचे असेल तर तास वाढवू. तिला कंटाळा आला तर थांबवू, पण तो कंटाळा तिचा असावा. मोहल्ल्याचा नसावा, लोकलचा नसावा आणि आमच्या भीतीचाही नसावा.